थ्रॉटल बदलून काय मिळालं

वेट्लांडा,
ऑगस्टचा पहिला आठवडा

प्रिय सोल्वेग,

तुझा निरोप फोनवर आला. दोन ओळी. "आई, तू लाल गाडीची थ्रॉटल बॉडी बदललीस हे खरं का? आणि त्यातून मिळालं काय?" बस. ना 'कशी आहेस', ना 'गुडघा काय म्हणतो'. तुझं प्रश्नचिन्हसुद्धा कमरेवर हात ठेवून उभं असल्यासारखं वाटलं. मीही फोनवर दोन ओळीत उत्तर देऊन मोकळी झाले असते, पण तुझा प्रश्न दिसतो तेवढा सरळ नाही, आणि माझं उत्तर तर त्याहून नाही. म्हणून आज दालचिनीचे बन भट्टीत टाकले, कॉफीचं भांडं जवळ ओढलं आणि कागद घेतला. तूही आधी कॉफी करून घे. उभ्या उभ्या वाचू नकोस.

तुला ही बातमी कुणी पोचवली ते मी विचारत नाही. तुझ्या सिक्स्तेनकाकाच्या तोंडात तीळ भिजत नाही हे साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे. शेजारी म्हणून देवाने दिला, आणि शर्यतीचं समालोचन करायला क्लबने त्याच्या हातात माईक दिला. दोघांचीही चूकच झाली. पण त्याने तुला अर्धंच सांगितलंय, हे तुझ्या निरोपावरून कळतंय. एवढा वेळ तो अर्ध्यावर कसा थांबला याचंच मला नवल वाटतंय.

तर, पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, बदलली. गेल्या वर्षी मी शर्यतीच्या मैदानावरच्या किऑस्कमधला सॉसेजचा चिमटा खाली ठेवून हेल्मेट घातलं, तेव्हा तू म्हणाली होतीस, "चालव हवी तर, पण बाबांनी ठेवली होती तशीच ठेव." मी हो म्हटलं होतं, आणि वर्षभर शब्द पाळलाही. बाबांची शिस्तच होती ना ती. लोकांनी गाडीत काहीबाही नवं कोंबावं आणि त्यांनी हसावं. ते म्हणायचे, ज्या शर्यतीत संध्याकाळी गाडी आपली राहील की नाही याचा भरवसा नाही, तिथे गाडीला दागिने कोण घालतं? तुला तर नियमाचा चटका पंधराव्या वर्षीच बसलाय. पहिलीच शर्यत, पहिलीच गाडी, आणि संध्याकाळी येन्शपिंगच्या त्या उंच माणसाने चिठ्ठी टाकून ती नेली. शर्यत संपली की मैदानातली कुठलीही गाडी कुणाही स्पर्धकाने ठरलेल्या किमतीला मागावी, आणि मालकाने मुकाट्याने द्यावी. नाही म्हटलं तर परवाना गेला. तू ट्रेलरच्या चाकाला मिठी मारून बसली होतीस आणि बाबा तुला सांगत होते की म्हणूनच हा खेळ गरिबांचा राहिलाय, नाहीतर पैसेवाल्यांनी कधीच विकत घेतला असता. तू त्यांना काय उत्तर दिलंस ते मी इथे लिहीत नाही.

पण लाल व्होल्वोवर कधी कुणी चिठ्ठी टाकली नाही. आधी ती हळू होती म्हणून टाकली नाही. आणि बाबा गेल्यावर, मी ती मैदानात उतरवली तेव्हा, सगळ्या क्लबने आपसात काहीतरी ठरवलं असावं. कुणी बोललं नाही, पण मी काय आंधळी आहे? मी कशीही आले, मधे आले, शेवटून आले, संध्याकाळी चिठ्ठ्यांच्या डब्यात माझ्या नंबरची चिठ्ठी नसायची. आपल्या गेलेल्या हेल्गेची गाडी आहे, तिला हात लावायचा नाही. माणसं चांगली आहेत गं. पण चांगल्या माणसांच्या किवेचंही ओझं होतं कधीकधी. देवळातली मूर्ती घेऊन शर्यतीत उतरल्यासारखं वाटायचं मला.

आता सिक्स्तेन. मे महिन्यात रोज अकराच्या कॉफीला येऊन तो एकच भजन म्हणायला लागला: गाडीला दम लागतोय, मायवोर. इंजिन बिचारं स्ट्रॉमधून श्वास घेतंय, मायवोर. एक दिवस पावाच्या पिशवीत गुंडाळून त्याने मोठ्या सहा सिलिंडरच्या व्होल्वोची थ्रॉटल बॉडी, इंजिनात हवा सोडणारं ते तोंड, आणली आणि माझ्या बनांच्या ताटाशेजारी टेबलावर ठेवली. भंगारातून उचललेली, तेलाने बरबटलेली, माझ्या स्वच्छ टेबलक्लॉथवर. मी त्याला म्हटलं, अरे बाबा, माणसाचं नाक मोठं केलं म्हणून फुप्फुस मोठं होत नाही. इंजिन तेच, आत हवा जायचा पुढचा रस्ता तोच, सायलेन्सर तोच. नुसतं तोंड रुंद करून काय होणार? तर म्हणतो, "तू हेल्गेचं बोलणं बोलतेयस. स्वतःचं बोल." मला राग आला. राग आला कारण ते खरं होतं.

मी 'हो' का म्हटलं ते सांगते. अर्धं त्याच्या कटकटीला कंटाळून. पण उरलेलं अर्धं असं, की बाबा गेल्यापासून मी त्या गॅरेजमध्ये फक्त गाडी सुरू करायला जायचे, शर्यतीच्या दिवशी बाहेर काढायचे आणि परत आणून लावायचे. तिथे बसून काही काम केलंय असं झालंच नव्हतं. हातोडी जिथे टांगलेली तिथेच, त्यांचा कपडा खुंटीला तसाच. त्या दिवशी मी पहिल्यांदा रेडिओ लावला, दोन्ही दारं सताड उघडली आणि पाना हातात घेतला. आणि काय सांगू सोल्वेग, मला मजा आली. मोठ्याने गायलेसुद्धा. सिक्स्तेनने कानात बोटं घातली.

काम तसं सोपं नव्हतं. नवं तोंड मोठं, इंजिनाकडचं भोक लहान, म्हणजे गोल कानशीने ते वाढवत बसा. दोन दिवस माझे हात चंदेरी होते, भाकरीवरच्या लोण्यालासुद्धा ॲल्युमिनियमची चव यायची. मधली फट बुजवायचं गॅस्केट मी दुधाच्या खोक्याचं कापलं, काटकसर म्हणून. गाडी सुरू केली तर कुठूनतरी सापासारखं फुस्स, आणि इंजिन उभ्या जागी असं किंचाळायला लागलं की सिक्स्तेनच्या कोंबड्यांनी तीन दिवस अंडी दिली नाहीत. तो म्हणाला नुकसानभरपाई दे. मी म्हटलं, तूच आणलेल्या नाकाला सर्दी झालीय, तूच भर. मग नीट गॅस्केट आणलं, केबल ओढून घेतली, आणि ती शांत झाली.

आणि मग आमच्या जंगलातल्या रस्त्यावर मी पहिल्यांदा पेडलला पाय लावला. अगं, नुसता लावला. गाडीने अशी उडी घेतली की सिक्स्तेनचं डोकं मागच्या लोखंडी पिंजऱ्याच्या नळीवर आपटलं. खूश झाला तो, डोकं चोळत म्हणतो, वीस घोडे तरी वाढलेत. मलाही वाटलं क्षणभर. मान्य करते, अंगावर काटा आला. मग त्याने स्टॉपवॉच काढलं. लाकडाच्या ढिगापासून पुलापर्यंत, जुन्या थ्रॉटलने जेवढा वेळ लागायचा तेवढाच लागला. पुन्हा गेलो. तेवढाच. त्याने घड्याळ कानाशी नेलं, हलवलं, घड्याळ बिघडलंय म्हणाला. मी म्हटलं घड्याळ नाही, अक्कल. जे आधी पेडल निम्मं दाबल्यावर मिळायचं ते आता जरा स्पर्श केल्यावर मिळतं, एवढंच. शेवटपर्यंत दाबलंस तर तीच गाडी, तेच घोडे, तितकेच. वाढला तो आवाज, आणि वाढली ती हवा, तीही आपल्या डोक्यात. बाबा अगदी बरोबर होते. तुझ्या प्रश्नाचं गॅरेजमधलं उत्तर एवढंच आहे: इंजिनात बाकी काही बदलणार नसशील, तर नुसत्या थ्रॉटल बॉडीचा खर्च आणि मेहनत फुकट. हे तू कुणालाही सांग, माझं नाव घेऊन सांग.

तरी मी ती काढली नाही. आवाज आवडला होता मला. म्हातारपणी आपल्याही आवाजाने कुणी वळून बघावं असं वाटणं हा गुन्हा आहे का?

गेल्या रविवारी शर्यत होती. सकाळी मी बॉनेटवर चिखल फासला, जुनी सवय. आपल्यात गाडीत काही बरं घातलं असेल तर ते झाकायचं, मैदानात बॉनेट उघडायचं नाही, विचारलं तर खोकायचं. पहिल्या फेरीत मी सवयीप्रमाणे पेडल निम्मं दाबलं आणि चाकं जागच्या जागी अशी फिरली की मागच्या पंचांच्या कॉफीत खडी पडली. सगळे पुढच्या वळणावर पोचले तरी मी आपली खड्डा खणतेय. शेवटून पहिली आले. आमच्या त्या मुरमाच्या ट्रॅकवर असलं तिखट पेडल म्हणजे डोक्याला तापच. दुसऱ्या फेरीत मग झोपलेल्या बाळाच्या खोलीतून चालावं तसा पाय टाकला, आणि जरा जमलं. संध्याकाळी मला छोट्या फायनलमध्ये जागा मिळाली. मुख्य नव्हे, छोट्या. भाव खात नाही. पहिल्याच वळणावर पुढचे तिघे एकमेकांत असे अडकले की कुणाचा बंपर कुणाचा ते त्यांनाही कळेना, आणि मी आपली बाजूने, 'येऊ का आत' म्हणावं तशी निघून गेले. जिंकले मी, सोल्वेग. तुझी आई जिंकली. थ्रॉटलचा त्यात काडीचा वाटा नव्हता, तिघांच्या घाईचा होता.

पण वर माईकवर कोण बसलं होतं? मी शेवटच्या वळणात असतानाच सगळ्या मैदानावर आवाज घुमला, "आणि ही आली आपली मायवोर, ऐका तो आवाज, सहा सिलिंडरची थ्रॉटल बॉडी बसवलीय तिने, मी स्वतः आणून दिलीय." मी हेल्मेटच्या आत कपाळाला हात लावायला गेले आणि काचेला लागला. झाकलेलं सगळं याने भोंग्यावर सांगितलं. आपल्या खेळात इतका गाढवपणा गेल्या तीस वर्षांत कुणी केला नसेल.

चिठ्ठ्यांचा डबा उघडला. माझ्या नंबरची एक चिठ्ठी निघाली. एकच.

टाकणारा आपल्यातला नव्हता. वेर्मलांडहून आलेला, आर्विद नावाचा, निवृत्त बसचालक. हात फावड्याएवढे, बोलणं मात्र हळू. त्याची स्वतःची गाडी दुपारी उलटून छप्पर सपाट झालं होतं, दुसरी हवी होती, माझ्या गाडीचा आवाज कानावर आला आणि वरून जाहिरातही झाली. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक कुणाची गाडी ते. क्लबचे अध्यक्ष पांढरेफटक पडले. चार जणांनी त्याला सॉसेजच्या किऑस्कमागे नेलं. मी लांबूनच पाहत होते. आर्विदने सगळं ऐकलं, टोपी काढली, आणि टोपी हातात घेऊनच माझ्याकडे चालत आला. म्हणाला, "ताई, मला माहीत नव्हतं. तुमच्या मालकांची गाडी आहे म्हणे. मी चिठ्ठी फाडतो, कुणी काही म्हणणार नाही." आणि खरंच दोन्ही हातांत चिठ्ठी धरून उभा राहिला, मी मान हलवण्याची वाट पाहत.

नुसतं सॉसेजचं चुरचुरणं ऐकू येत होतं. मी गाडीकडे पाहिलं. डाव्या दारावरचा तुम्ही दोघांनी मिळून काढलेला नंबर, अजून वाकडाच. छपरावरचा तो पोचा, जो तुझ्यामुळे पडला की बाबांमुळे यावर तुम्ही जेवणं थंड केली होती. वाटलं, फाड म्हणावं आणि घरी जावं. सगळ्यांना तेच हवं होतं. मला फक्त मान हलवायची होती.

मी म्हटलं, "चिठ्ठी राहू द्या. नियम म्हणजे नियम."

अध्यक्ष म्हणाले, मायवोर, विचार कर. मी म्हटलं केलाय. सिक्स्तेन वरून जिना उतरून आला. नुसता ट्रेलरमागे जाऊन नाक शिंकरत राहिला. मी आर्विदला बाजूला घेऊन सगळं खरं सांगितलं: पहिला गिअर थंडीत अडतो, त्याला शिवी द्यावी लागते, आणि हा थ्रॉटल काही कामाचा नाही, नुसता आवाज आहे, सुरुवातीला चाकं फिरवतो, जुना घरी आहे तो येऊन घेऊन जा, तोच बरा. तो हसला. म्हणाला, "मग बसवला कशाला?" बघ, अगदी तुझाच प्रश्न. तेव्हा मी त्याला नुसता घराचा पत्ता लिहून दिला. मंगळवारी तो आला, जुना थ्रॉटलही नेला, आणि बदल्यात त्याच्या बायकोने केलेला मोरंब्याचा डबा ठेवून गेला. माणूस चांगला आहे. गाडी चांगल्या हातात आहे. तो तिला उलटी करणार हे नक्की, पण प्रेमाने करेल.

आता माझ्यावर ओरडण्याआधी एवढं वाच. बाबा गेल्यापासून तू रस्त्यावरच्या टपालपेटीपलीकडे या घराकडे पाऊल टाकलेलं नाहीस. पहिल्या ख्रिसमसला तू सिक्स्तेनकडे झोपलीस, आपल्याकडे थंडी फार म्हणून. पुढच्या वर्षी गाडी चालू ठेवूनच मला पेटीपाशी मिठी मारलीस, कामावरून फोन आला म्हणालीस. यंदा जूनमध्ये मिडसमरच्या सणाला तुझ्या त्या नॉर्वेतल्या त्रोम्सहून निघणारी बोटच चुकली. मी कधी काही बोलले नाही, कारण मला कळत होतं. त्या दिवशी बाबांना कॉफीला हाक मारायला गॅरेजमध्ये तू गेली होतीस. मी बन कापत होते आणि तू गेलीस. ते लाल बॉनेट उघडं होतं आणि बाबा गाडीला टेकून बसले होते, श्वास थांबलेला. तू त्या दारातून पुन्हा आत पाय टाकू शकली नाहीस, आणि मी, मूर्ख बाई, त्याच दारामागे ती गाडी जपत बसले, तुला हवी असेल म्हणून. आणि तू मला ती तशीच ठेव म्हणालीस, मला हवी असेल म्हणून. खरं ना? दोघी एकमेकींसाठी एकच लोखंड सांभाळत बसलो, आणि घर ओस पडलं. आर्विद चिठ्ठी फाडायला उभा होता ना, तेव्हा मला एकदम लख्ख दिसलं: त्याने ती फाडली तर गाडी घरी येते, आणि पोरगी येत नाही. मग मी दुसरं काय म्हणणार होते? म्हणून विचारतेस त्यातून काय मिळालं, तर घोडा एकही मिळाला नाही. पण गॅरेज रिकामं झालंय. मी फरशी साबणाने घासली, भिंत पांढरी केली, बाबांचा कपडा धुऊन घडी करून कपाटात ठेवला, आणि आत लांब टेबल मांडलंय. दर ऑगस्टची आपली क्रेफिश खायची मेजवानी यंदा तिथेच, कागदी कंदील सिक्स्तेनने आत्ताच वाकडे टांगलेत. मला तुझी फार आठवण येते, सोल्वेग. बाबांचीही येते, पण ते येऊ शकत नाहीत, तू येऊ शकतेस. मी न विचारता बाबांची गाडी दिली म्हणून रागावली असशील, तर रागावून ये. भांडायला ये. पण ये.

तुझीच, वाट पाहणारी,
आई